गेगुंगचे पाहुणे

१ सप्टेंबर १९३८ रोजीं 'राजपुताना' बोटीनें मुंबईचा किनारा सोडला, तेव्हां तिच्यावर चीनला निघालेले पांच हिंदी डॉक्टर होते. जपाननें १९३७ सालीं चीनवर मोठी स्वारी केली होती. चिनी सेनापति चू-ते यांनीं पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि काँग्रेसचे तेव्हांचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं देशाला आवाहन केलें. त्यांतून हें पथक उभें राहिलें. प्रमुख डॉ. अटल, बंगालचे बसु व मुकर्जी, वयानें सर्वांत वडील ते नागपूरचे डॉ. चोळकर, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, ज्यांस अद्याप अठ्ठावीस वर्षें पुरीं झालीं नव्हतीं.

चीनमध्यें पांचांच्याही नांवांपुढें 'ह्वा' हें अक्षर जोडण्यांत आलें. ह्वा म्हणजे चीन. कोटणीस 'को-ति-ह्वा' झाले, चोळकरांनाही तसेंच नांव मिळालें. पाहुण्यास घरचें नांव देण्याचाच हा प्रकार. परंतु नांव मिळणें सोपें, घर मिळणें तितकें सोपें नव्हे. पथक येनानच्या वाटेवर असतांच कोटणीसांना पित्याच्या निधनाची वार्ता कळली. सहकाऱ्यांनीं परत जाण्याविषयीं सुचविलें; ते गेले नाहींत. पुढें प्रकृतीमुळें किंवा अन्य कारणांनीं मुकर्जी, चोळकर व अटल स्वदेशीं परतले. कोटणीस आणि बसु १९४० मध्यें जपानी फळीच्या मागील डोंगराळ मुलखांत शिरले.

त्या मुलखांतील इस्पितळाची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. तीवांचून पुढील गोष्ट कळावयाची नाहीं. कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून यांनीं १९३८ च्या सप्टेंबरांत तेथील एका गांवीं नमुनेदार इस्पितळ मोठ्या हौसेनें उघडलें होतें. थोड्याच आठवड्यांत जपानी फौजेनें तें नष्ट केलें. इमारत दिसते, आणि दिसते तिच्यावर घाला येतो, हा धडा सर्वांनीं घेतला. तेव्हांपासून इस्पितळ म्हणजे गांवकऱ्यांचीं घरें. जखमी शिपाई या घरांत, औषधांची पेटी त्या घरांत. गांव सोडण्याची वेळ आली कीं सगळें इस्पितळ खेचरांच्या पाठीवर आणि माणसांच्या खांद्यांवर निघे.

कोटणीस ज्या घरांत राहिले तीं अशीं होतीं. उत्तर चीनच्या खेड्यांतील घरांत 'कांग' नांवाचा विटांचा रुंद ओटा असतो. चुलीचा धूर त्याच्या पोटांतून फिरतो, त्यामुळें तो ऊबदार राहतो. हिवाळ्यांत घरचीं माणसें त्यावरच बसतात, जेवतात, निजतात. खापरखेड्यासारख्या नागपूरकडील गांवीं पूर्वीं परका मुक्कामास आला तर त्यास ओसरीवर बाज टाकून देत. माजघराचा उंबरठा त्याचा नव्हे. कांगवर ओसरी आणि माजघर असा भेदच उरत नाहीं. भाताऐवजीं राळ्यासारख्या धान्याची पेज आणि कानीं पडणारी अनोळखी भाषा. ती भाषा त्यांनीं इतकी आत्मसात केली कीं बेथ्यूनच्या नांवें चाललेल्या वैद्यकीय शाळेंत ते चिनींतूनच शिकवूं लागले. १९४१ च्या जानेवारींत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे ते संचालक झाले.

रुग्ण त्यांना प्रेमानें 'काळी आई' म्हणत. हेतु वर्णाकडे आणि शुश्रूषेकडे होता. मराठी शेतकरी मात्र हे शब्द आपल्या जमिनीसाठीं राखून ठेवतो, हें त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

यजमानांची बाजू सहसा सांगितली जात नाहीं. १९४१ व ४२ सालीं जपानी फौजा त्या टापूंत मोहिमेमागून मोहीम काढीत होत्या. गांवें जाळीत, धान्य नेत, माणसें मारीत. अशा वेळीं जखमी सैनिक किंवा परदेशी डॉक्टर घरांत असणें म्हणजे घरावर मरण ओढवून घेणें. पाहुणा स्वखुशीनें आला होता आणि परत जाऊं शकत होता. यजमानाला जाण्यास दुसरें घर नव्हतें. कोटणीसांच्या त्यागाचें वर्णन पुष्कळ झालें आहे व तें योग्यच आहे. परंतु या दोन धोक्यांपैकीं मोठा कोणाचा, हें ठरविणें फारसें कठीण नाहीं.

१९४१ च्या अखेरीस त्यांनीं शाळेंतील परिचर्या-शिक्षिका क्वो चिंग-लान यांच्याशीं विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजीं मुलगा झाला. त्याचें नांव यिन-ह्वा : यिन म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन. याच सुमारास कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते, तरी शस्त्रवैद्यकावरील ग्रंथाचें लेखन चाललेलेंच होतें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं होपेइ प्रांताच्या तांग जिल्ह्यांतील गेगुंग गांवीं त्यांचें निधन झालें. वय बत्तीस, मूल साडेतीन महिन्यांचें. दुसरा ग्रंथ अपुरा राहिला.

येथें त्यांची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांनीं पुस्तकरूपानें लिहिली आणि व्ही. शांताराम यांनीं १९४६ मध्यें तिचा चित्रपट केला. कोटणीसांच्या अस्थि पुढें शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानांत नेण्यांत आल्या. बेथ्यूनची समाधीही तेथेंच आहे. यिन-ह्वा १९६७ सालीं ऐन तारुण्यांत वारला. क्वो चिंग-लान मात्र दीर्घायुषी झाल्या. पतीच्या आप्तांना भेटण्यासाठीं त्या हिंदुस्थानांत येऊन गेल्या, आणि त्या वेळीं यजमान कोटणीसांचीं माणसें होतीं व पाहुणी चीनची. २०१२ मध्यें दालियन येथें त्यांचें निधन झालें.