लेसर अंतरमापक निवडताना
अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात प्रेअरी डॉग या बिळात राहणाऱ्या लहान प्राण्याची शिकार २०० ते ३०० मीटरवरून केली जाते. अंतराचा अंदाज चुकल्यास नेम चुकतो आणि जखमी प्राणी बिळात तडफडत राहतो. अंतरमापक लेसर किरण जाऊन परतण्यास लागणारा वेळ मोजतो. १५० मीटरसाठी तो सुमारे एक दशलक्षांश सेकंद असतो.

जाहिरातीतील कमाल पल्ला बहुधा चकाकत्या पृष्ठभागासाठी असतो. त्याहून महत्त्वाचा किरणाचा फैलाव. १ मिलिरेडियन फैलावाचा किरण ३०० मीटरवर ३० सेंटिमीटर रुंद होतो आणि प्राण्याऐवजी पुढचे गवत मोजले जाते. त्यामुळे कमी फैलावाचे, दूरचे लक्ष्य निवडण्याची सोय असलेले उपकरण घ्यावे आणि बिळालगतचा मातीचा उंचवटा मोजावा.

भारतात मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे.