दूध कुठाय?

मे महिन्यात दुपारी तीन वाजता आमच्या साकीनाक्याच्या घरातला पंखा फक्त गरम हवा इकडची तिकडे करतो. अशा एका शनिवारी मी आजीसाठी फ्रूट सॅलड केलं. मेट्रो स्टेशनखालच्या गाडीवरून आणलेलं कलिंगड, अननस, दोन हापूस. वर चीजचे चौकोनी तुकडे, भाजलेले काजू, पुदिना, लिंबू आणि चिमूटभर काळं मीठ. साखर नाही, कारण डॉक्टरांनी तिची साखर कधीच बंद केलीय. आजीनं वाडगा हातात घेतला, चमच्यानं तळापर्यंत ढवळून पाहिला आणि विचारलं, "दूध कुठाय?"

"यात दूध नसतं, आजी."

"मग फ्रूट सॅलड कशाला म्हणतोस? फोडी म्हण."

मग तिनं चीजचे तुकडे एकेक करून ताटलीच्या कडेला काढून ठेवले. "हे तुमचं फॉरेनचं. आमचं फ्रूट सॅलड आपलं साधं, घरचं असायचं."

तिचं फ्रूट सॅलड म्हणजे काय ते मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पिवळसर, घट्ट, गार कस्टर्ड, त्यात केळं, चिकू, सफरचंद, द्राक्षं. सोबत गरम पुरी. साखरपुड्यापासून वाढदिवसापर्यंत सगळीकडे. मला ते आवडतं, वाद त्याचा नाही. पण 'फॉरेनचं' आणि 'घरचं' ही वाटणी मला खटकली आणि मी तिच्या नि माझ्या वाडग्यातला एकेक जिन्नस कुठून आला ते शोधायला लागलो.

आधी माझा वाडगा. अननस, काजू हे दोन्ही शब्द दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आले. पपईही त्यांच्याच जहाजांतून आली. पेरूनं तर आपल्या नावातच एक देश वागवलाय. अननस सोळाव्या शतकात इथे पोचला आणि पुढे जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं, की आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारोंनी अननस येतात. म्हणजे शंभरेक वर्षांत तो किनाऱ्यावरून थेट बादशाही बागेत. हापूस झाड म्हणून इथलाच, पण कलमं करून जात टिकवण्याचं काम पोर्तुगीज काळातलं आणि नाव अफोंसो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीवरून पडलं असं मानतात. कलिंगड मूळ आफ्रिकेतलं, पण त्याला येऊन इतकी शतकं झाली की त्याच्याकडे कागदपत्रं मागण्यात अर्थ नाही.

हे सगळं गोव्यात झालं, साकीनाक्याचा काय संबंध, असं वाटेल. पण साकीनाका ज्या साष्टी बेटावर आहे ते १५३४च्या वसईच्या तहानं पोर्तुगीजांकडे गेलं आणि १७३७मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत त्यांच्याकडेच होतं. दोनशे वर्षं. आमच्यापासून जवळच सीप्झ आहे, १९७३ साली सुरू झालेलं निर्यात क्षेत्र. काचेच्या इमारती, आयडी कार्डं, शटल रिक्षा. त्या कुंपणाच्या आत, झाडीत, १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे छप्पर नसलेले अवशेष उभे आहेत. १८४०च्या सुमारास साथ आली, गाव उठलं आणि चर्च मरोळला हललं. आजही ईस्ट इंडियन मंडळी वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे प्रार्थनेला जमतात. ऐन फळांच्या दिवसांत. ज्या मातीवर आम्ही कोड लिहितो तिथे चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज पाद्री राहत होते, तेव्हा अननस-काजूला इथला पत्ता मिळायला फार वेळ लागला नसणार.

बटाटा आला, पाव आला, अननस आला. चीज मात्र आलं नाही. चीजसाठी पोर्तुगीज शब्द मराठीत रुजलाच नाही. आपण वापरतो तो शब्द इंग्रजांचा आहे. पाव घेणाऱ्या माणसांनी चीज का घेतलं नाही?

याचं नेहमीचं उत्तर असं, की दूध नासवणं आपल्याकडे अशुभ. हे उत्तर मला अर्धवट वाटतं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात आंबट घालून दूध फोडायची आणि त्या चोथ्याची मिठाई करायची कृती आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागून. तिथल्या राजवाड्यात दूध खुशाल नासवलं जात होतं. अशुभच म्हणायचं तर चरकसंहितेनं आंबट फळं आणि दूध एकत्र खाणं विरुद्ध आहारात टाकलंय, आणि त्या हिशेबानं माझ्यापेक्षा आजीचाच वाडगा जास्त शास्त्रविरुद्ध ठरतो. हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणून तर आम्ही त्यात अननस घालत नव्हतो. कडू होतं." बरोबर आहे. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध कडवट होतं. चरक आणि रसायनशास्त्र यांच्या मधे आजी उभी होती.

आणि दुसरं म्हणजे, आपल्याकडे चीज नाही हेच मुळात खरं नाही. चक्का काय असतो? दही फडक्यात टांगलं, पाणी गळून गेलं, उरला तो ताज्या चीजचाच एक प्रकार. त्याला आपण चीज म्हणत नाही, कारण पुढच्या पाच मिनिटांत त्यात साखर पडते. आंब्याचा रस घातला की आम्रखंड, वरून चारोळी किंवा पिस्ते. उन्हाळ्याचं फळ, चीज, सुकामेवा. अक्षय्य तृतीयेच्या ताटात माझं सॅलड केव्हाचं बसलेलं होतं, मला ओळखू आलं नव्हतं इतकंच. मग शेकडो वर्षं चक्का करणाऱ्या लोकांच्या शहरात, फळांत दुधाचं काहीतरी घालायची वेळ आली तेव्हा चक्का सोडून कस्टर्ड कुठून आलं?

इथे मला शास्त्र-पुराणं सोडून हिशेबाकडे यावं लागलं. एक किलो कडक चीज करायला गाईचं साधारण दहा लिटर दूध लागतं. बाकीचं पाणी बनून निघून जातं. ही चैन ज्या गावात दूध उतू जातं तिथली. मुंबईत दूध कधी उतू जात नव्हतं. शहरातल्या तबेल्यांत म्हशी दाटीवाटीनं बांधलेल्या असत, आटल्या की कत्तलखान्यात जात. दूध महाग आणि पाणी घातलेलं. त्यावर उपाय म्हणून सरकारनं म्हशी शहराबाहेर हलवायचं ठरवलं आणि १९४९मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली, साकीनाक्याच्या वायव्येला, गोरेगावच्या टेकड्यांत. १९५१च्या मार्चमध्ये नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. पाड्यांवरचे आदिवासी तिथे आधीपासून राहत होते. त्यांच्या भोवतीनं कुरणं आणि गोठे आखले गेले.

या सगळ्यामागचा माणूस म्हणजे मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी. १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अमूलवाल्या दोघांची नावं आपल्याला पाठ असतात, खुरोडींचं नसतं. ज्याचं श्रेय त्यांना देतात ती गोष्ट मात्र रोज सकाळी आपल्या दारात पिशवीतून येते: टोन्ड दूध. कल्पना इतकी सोपी आहे की इंजिनिअर म्हणून मला हेवा वाटतो. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के फॅट असतं. त्यात पाणी आणि स्निग्धांश काढलेली दूध पावडर घालायची, म्हणजे फॅट तीन टक्क्यांवर येतं, बाकी घटक ८.५ टक्क्यांवर राहतात, आणि एका लिटरचे जवळपास दोन लिटर होतात. गवळ्याचं पाणी घालणं ही चोरी होती. खुरोडींनी त्यात पावडर टाकून ते सार्वजनिक धोरण केलं. मी थट्टा करत नाहीये. त्या दुधानं लाखो मुलं वाढली, त्यांत माझे बाबाही.

आजी १९६८मध्ये लग्न होऊन साताऱ्याकडून इथे आली. आजोबा खैरानी रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. तिच्या आठवणीत आरेचं दूध म्हणजे पहाटेची रांग. हातात दुधाचं कार्ड, रिकाम्या काचेच्या बाटल्या, आणि स्वतः उभं राहायला नको म्हणून रांगेत ठेवलेला दगड नाहीतर पिशवी. कार्डावर जितकं तितकंच दूध. जास्तीचं हवं असेल, म्हणजे घरात बारसं असेल, तर शेजारणीचं कार्ड उसनं घ्यायचं. त्या दुधाची बासुंदी व्हायची का, असं मी विचारलं तेव्हा ती हसली. "आटवत बसलं तर रॉकेल संपायचं."

नेमक्या याच जागी कस्टर्ड पावडर येते. १८३७ साली बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड या केमिस्टच्या बायकोला अंडं चालत नव्हतं, म्हणून त्यानं अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर वापरून कस्टर्ड केलं. इंग्लंडमधल्या एका बाईच्या ॲलर्जीमुळे जगातल्या शाकाहारी स्वयंपाकघरांचं दार या पदार्थाला उघडलं. आपल्याकडे १९५६मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वीकफील्डचे डबे घरोघर पोचले. दोन चमचे पिवळी पावडर, आणि पातळ टोन्ड दूध पाच मिनिटांत बासुंदीसारखं घट्ट. तासभर आटवणं नाही. बाकी भांडं फळांनी भरायचं, म्हणजे एका लिटरमध्ये वीस माणसं. पुरवठ्याला यायची ही किमया चक्क्याला जमणारी नव्हती. दुधाचं प्रमाण तो कमी करतो, कस्टर्ड वाढवतं. फ्रूट सॅलड मुंबईत कुणी, कधी पहिल्यांदा केलं ते मी सांगत नाही. पण ते इतकं घरचं का झालं याचं माझ्या मते कारण हे आहे: तो पातळ दुधाच्या शहराचा पदार्थ आहे. चव नंतर आवडायला लागली.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. १९७०मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झालं. युरोपात तेव्हा दूध इतकं जास्त झालं होतं की लोणी आणि पावडरीचे डोंगर साचले होते. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १,२६,००० टन दूध पावडर आणि ४२,००० टन बटर ऑइल भारताला भेट मिळालं. त्याचं पुन्हा दूध करून चार महानगरांत विकलं, त्यांत मुंबई होती, आणि आलेल्या पैशातून डेअऱ्या, संकलन केंद्रं, वाहतूक उभी राहिली. म्हणजे आजीनं सत्तरच्या दशकात केलेल्या फ्रूट सॅलडमध्ये इंग्लंडमधल्या केमिस्टची पावडर तर होतीच, दुधातही कुठल्यातरी डच किंवा फ्रेंच गाईचा वाटा असण्याची दाट शक्यता आहे. तीच गाय घरी राहिली असती तर तिच्या दुधाचं चीज झालं असतं.

उलट मी आणलेलं चीज म्हशीच्या दुधाचं, गुजरातेतल्या सहकारी संघाचं. आजीनं ताटलीच्या कडेला काढून ठेवलेला तेवढाच भाग बहुधा सगळ्यात देशी होता.

हे सगळं तिला पटवून द्यायचा मी प्रयत्न केला नाही. पुढच्या शनिवारी फक्त कृती बदलली. शुक्रवारी रात्री लिटरभर टोन्ड दुधाचं दही मलमलच्या फडक्यात बांधून फ्रिजमध्येच टांगलं. खाली पातेलं ठेवलं. मे महिन्यात ओट्यावर टांगलं तर सकाळपर्यंत आंबून जातं, हे एकदा शिकून झालंय. सकाळी वजन केलं, २७० ग्रॅम. त्यात मीठ, जाडसर मिरपूड आणि किसलेलं आलं घालून घट्ट फेटलं. अननस यावेळी वगळला, चक्काही दूधच आहे. कलिंगडाच्या फोडी आधी चाळणीत ठेवून पाणी गाळून घेतलं, नाहीतर वाडग्याचं सरबत होतं. हापूस जरा करकरीतच निवडला. मरोळ नाक्याला एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसते, ती मूठभर घेतली. या वाडग्यातलं खरंखुरं डोंगरातलं, कुठल्याही जहाजातून न आलेलं फळ तेवढंच. तळाला चक्का, वर फळं, पुदिना, लिंबाचे चार थेंब, आणि काजूऐवजी तव्यावर जरा परतलेली चारोळी. मीठ अगदी शेवटी.

आजीनं पुन्हा तळापर्यंत ढवळलं. चक्क्याचा पांढरा गोळा चमच्यावर आला तसा तिनं तो आधी नुसता चाखला, मग आंब्याच्या फोडीबरोबर. करवंदाच्या बिया एका बाजूला काढल्या. बराच वेळ काही बोलली नाही. वाडगा अर्धा झाल्यावर म्हणाली, "चक्का पातळ लागतोय."

"टोन्ड दुधाचं दही होतं."

"तेच म्हणतेय," ती म्हणाली. "पुढच्या वेळी म्हशीचं लाव."