सुखानी आणि ‘मेटल माइक’

रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील कोकणी मुस्लिम घरांत कुणाचे आजोबा, कुणाचे पणजोबा जहाजावर ‘सुखानी’ होते, असे आजही सांगतात. सुकाणू धरणारा तो सुखानी. मूळ शब्द अरबी, ‘सुक्कान’. आपले पुढारी ‘सत्तेचे सुकाणू’ म्हणतात तेव्हा त्यांनाही हे ठाऊक नसते! इंग्रजांनी त्याचे ‘सीकनी’ केले आणि गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगारावर त्याला चक्रापाशी उभे केले.

त्या चक्रापाशी उभ्या माणसाचे काम यंत्राने करावे, ही धडपड जुनी आहे. प्रचंड जहाजाचे सुकाणू निव्वळ मनगटाच्या जोरावर वळेना, तेव्हा ‘ग्रेट ईस्टर्न’वर मॅकफार्लेन ग्रे यांचे वाफेचे यंत्र बसले; त्याचे पेटंट 1866चे. पुढे टेलिमोटर आला. पुलावरचे चक्र फिरवले की नळीतल्या द्रवाचा दाब थेट मागच्या यंत्रापर्यंत पोहोचे. द्रव गोठू नये म्हणून पाण्यात ग्लिसरीन घालत. ‘टायटॅनिक’चे चक्रही टेलिमोटरचेच होते. पण इथवर फक्त ताकद यंत्राची होती, निर्णय माणसाचाच.

निर्णयालाही हात घातला तो अमेरिकेच्या एल्मर स्पेरी यांनी. 1911मध्ये त्यांचे जायरो होकायंत्र नौदलाच्या ‘डेलावेअर’वर तपासले गेले, आणि 1920च्या दशकात त्याला जोडलेला स्वयंचलित सुकाणूधारी व्यापारी जहाजांवर गेला. खलाशांनी त्याचे नाव ठेवले ‘मेटल माइक’. थट्टा होती, पण थट्टेत थोडी धास्तीही असावी.

मला मात्र जास्त जवळचा वाटतो निकोलस मिनोर्स्की. रशियन नौदलातला हा अभियंता 1918मध्ये अमेरिकेत आला. चांगला सुखानी नेमके काय करतो, याचा त्याने विचार केला. जहाज दिशेपासून किती ढळले एवढेच तो पाहत नाही. नाळ किती वेगाने वळते आहे हेही पाहतो आणि ती योग्य दिशेवर येण्याआधीच उलटे सुकाणू देतो. शिवाय वारा सतत एकाच बाजूने रेटत असेल, तर थोडे सुकाणू तसेच धरून ठेवतो. 1922मध्ये मिनोर्स्कीने हे गणितात मांडले. आज कारखान्यांत तापमानापासून दाबापर्यंत सगळे सांभाळणारे ‘पीआयडी’ नियंत्रण त्याच विचारावर उभे आहे.

‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर चाचणी झाली. वळण्याच्या वेगाची दखल न घेता जहाज दोन्ही बाजूंना सुमारे 2 अंश डुलत राहिले. ती जोडताच डुलणे अंशाच्या सहाव्या भागावर आले. बहुतेक सुखान्यांनाही हे साधत नसे. तरीही नौदलाने यंत्र घेतले नाही, कारण माणसांचा विरोध. याला अडाणीपणा म्हणणारे म्हणोत. ज्याच्या हातचे कसब तोलून यंत्रात भरले, त्याला त्याचा मोबदला कुणी विचारला होता?

आज लहानशा बोटीवरच्या ऑटोपायलटमध्येही तेच तीन गुण असतात. ‘रडर गेन’ म्हणजे ढळण्याला किती उत्तर द्यायचे, ‘काउंटर रडर’ म्हणजे आधीच दिलेले उलटे सुकाणू, आणि ‘ऑटो ट्रिम’ म्हणजे वाऱ्यासाठी धरून ठेवलेले. म्हणून बोट नागमोडी चालू लागली की लोक आधी ही बटणे पिळत बसतात. अनेकदा दोष तिथे नसतोच.

ऑटोपायलट बंद करून आधी हाताने चक्र फिरवून पाहावे. ते स्पंजासारखे लागत असेल, तर तेलात हवा शिरली आहे. हवा दबते, सुकाणू उशिरा हलते, यंत्र अधीर होऊन जास्त वळवते, आणि मग नागमोड. उलट, ऑटोपायलट चालू असताना चक्रच आपोआप गरगरू लागले, तर चक्राच्या पंपातली झडप गळते आहे. तेल सुकाणूऐवजी चक्राकडे पळते आहे. हे दोन्ही ठीक असेल, तर पंप चालत असताना त्याच्या तारांवर व्होल्टेज मोजावे, सुकाणूचा कोन सांगणारा सेन्सर सैल झाला आहे का पाहावे, आणि होकायंत्राजवळ कुणी स्पीकर किंवा लोखंडी अवजार ठेवले नाही ना, तेही.

हवा काढायला दोन माणसे लागतात. एक चक्र सावकाश फिरवतो आणि टाकीतले तेल कमी होऊ देत नाही; दुसरा मागे सिलिंडरपाशी वाकून निपल सैल करतो आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरच्याला ओरडून सांगत राहतो.