चर्मवस्तूंची निगा व दुरुस्ती

चर्मवस्तूंची निगा व दुरुस्ती : कमाविलेल्या चामड्याच्या वस्तू स्वच्छ करणे, त्यांचा लवचिकपणा टिकविणे आणि त्यांचे उसवलेले वा झिजलेले भाग पूर्ववत करणे, यांचा या विषयात समावेश होतो. जुन्या हातपिशव्या, बटवे, पट्टे, प्रवासी पेट्या व पुस्तकांच्या बांधण्या घरच्या घरी जतन करण्याकडे अलीकडे अनेकांचा कल दिसतो. हे तंत्र पाश्चात्त्य असल्याचा समज असला, तरी त्यातील मूळ क्रिया महाराष्ट्राच्या खेड्यांत मोट, पखाल, बुधला व खोगीर यांच्या संदर्भात दीर्घकाळ प्रचलित होत्या. त्या करणारे कारागीर अस्पृश्य लेखले गेल्यामुळे त्यांचे ज्ञान हातोहात चालत आले. ग्रंथांत मात्र त्याची नोंद अल्प प्रमाणात झाली.

वऱ्हाडातील पूर्वस्थिती : अमरावतीनजीकचे पेढी नदीकाठचे वलगाव हे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीच्या कापूसपट्ट्यातील गाव आहे. या प्रदेशातील शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून होती; तथापि बागा व मळे यांना विहिरीचे ओलीत लागे. हे पाणी बैलांनी ओढलेल्या चामडी मोटेने उपसले जाई. मोटेचे रुंद तोंड जाड नाड्याला व खालची निमुळती सोंड बारीक सोंदराला बांधलेली असे. दिवसभर पाण्यात भिजणारी, धावेवर घासणारी व काम संपताच उन्हात वाळणारी ही वस्तू निगेवाचून फार काळ टिकणे शक्य नव्हते. तिला तेल पाजणे, उसवलेला टाका वादीने पुन्हा घालणे आणि फाटल्या जागी ठिगळ बसविणे, ही चांभाराची नित्याची कामे होती. रापी, आरी, ऐरण व मेण लावलेला दोरा ही त्याची प्रमुख साधने होत.

मृत जनावर ओढून नेणे, कातडे कमाविणे आणि चामडे शिवणे ही कामे सामान्यतः अनुक्रमे महार, ढोर व चांभार या जातींकडे असत. प्रदेशपरत्वे या वाटणीत फरक आढळतो. या सेवेचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने धान्यात मिळे. या व्यवस्थेतील विसंगती उघड आहे. मृगाजिन व व्याघ्राजिन पूजेच्या आसनासाठी पवित्र मानले जाई, मृदंगाचे चामडे देवळात चाले आणि मोटेच्या पाण्यावर पिकलेले धान्य सर्वांच्या घरी जाई. परंतु ती मोट शिवणाऱ्याचा स्पर्श मात्र वर्ज्य होता.

कमावणीची द्रव्ये व तेले : देशी पद्धतीत बाभळीची साल, तरवडाची साल व हिरडा यांतील टॅनिनांच्या साहाय्याने कातडे कमाविले जाई. अशा चामड्याचा रंग तपकिरी असून ते पाण्याने व उन्हाने काळपट होते. लोखंडाचा संपर्क आल्यास टॅनिनाशी होणाऱ्या विक्रियेमुळे त्यावर काळे डाग पडतात. हिराकस लावून चामडे काळे करण्याची जुनी रीत याच विक्रियेवर आधारलेली आहे.

तेलाची निवड वस्तूच्या कामावरून ठरत असे. करंज व एरंड यांची तेले हवेत वाळत नसल्यामुळे चामडे मऊ ठेवण्यास उपयोगी पडत. याउलट करडईचे तेल जाळून केलेले काळे, चिकट रोगण मोटेच्या दोरांना व सतत पाण्यात राहणाऱ्या चामड्याला लावण्याची पद्धत भारतात होती. जवसाचे तेल वऱ्हाडात सहज उपलब्ध असले, तरी ते हवेत वाळून कठीण पापुद्रा धरते. त्यामुळे लवचिक वस्तूंस ते अपायकारक ठरते. जे मोटेला मानवते ते पिशवीला मानवेलच असे नाही, हा यातील महत्त्वाचा धडा होय.

सामाजिक परिवर्तन : मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत जनावरे ओढण्यासारखी हीन मानलेली कामे सोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावती येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. अंबादेवी मंदिरप्रवेशाची चळवळ या वेळी तेथे सुरू होती. महात्मा गांधी यांची भूमिका वेगळी होती. हा व्यवसाय टाकून न देता शास्त्रीय पद्धतीने सुधारावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९३० नंतरच्या दशकात वर्ध्याजवळील नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांच्या देखरेखीखाली चालविलेले चर्मालय हे त्या विचाराचे प्रत्यक्ष रूप होते. तेथे मृत जनावरांच्या कातड्यापासून चामडे तयार करीत. पहिल्या भूमिकेत माणसाच्या प्रतिष्ठेवर, तर दुसरीत श्रमाच्या प्रतिष्ठेवर भर होता. सक्तीने माथी मारलेले काम केवळ सुधारल्याने प्रतिष्ठेचे होत नाही, हा पहिल्या भूमिकेचा आक्षेप दुसरीला पूर्णतः दूर करता आला नाही.

अमरावती जिल्ह्यातीलच शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली आणि कीर्तनांतून अस्पृश्यतेवर प्रहार केले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर त्यांचे देहावसान झाले. सफाई व दुरुस्ती ही कोणा एका जातीची नव्हे, तर प्रत्येकाची कामे होत, हा विचार या परिसरात रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

हातपिशवीचा प्रसार : मराठी समाजात पैसे व किरकोळ जिनसा ठेवण्यासाठी कमरेचा कसा, कापडी बटवा व पानसुपारीची चंची वापरीत. चामडी हातपिशवीचा उगम यूरोपात बऱ्याच अंशी खोगीर व प्रवासी पेट्या करणाऱ्या कारखान्यांत आढळतो. पॅरिस येथील एर्मेस ही संस्था १८३७ मध्ये घोड्याचा साज तयार करण्यासाठीच सुरू झाली होती. भारतात १८६० नंतरच्या दशकात लष्करासाठी कानपूर येथे साज व खोगिरांचा सरकारी कारखाना उभा राहिला. मुंबईत धारावी हे चर्मोद्योगाचे केंद्र बनले. श्रीनिकेतन (स्थापना १९२२) येथील उद्योगशाळेतून पुढे आलेल्या, उठावाची नक्षी असलेल्या चामडी पिशव्या देशभर लोकप्रिय झाल्या. शिक्षण व नोकरी यांनिमित्त स्त्रिया घराबाहेर पडू लागल्या, तशी ही वस्तू मध्यमवर्गीय घरांत स्थिरावली. १९६० नंतर विजेच्या व तेलाच्या पंपांनी मोट मागे सारली आणि चामड्याच्या निगेचे क्षेत्र शेतातून घरात आले.

याच काळात चामड्याचेही स्वरूप पालटले. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्स यांनी अमेरिकेत क्रोम कमावणीचे एकस्व घेतले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रास येथे ही पद्धत रूढ करण्याचे प्रयत्न केले. क्रोम चामडे पाण्यात अधिक टिकत असल्याने त्याच्या मोटाही तेथे करण्यात आल्या. ही कमावणी अल्पावधीत होते व चामडे उष्णतेस अधिक दाद देत नाही. वनस्पतिजन्य कमावणीचे चामडे पाण्यात सु. ७५° ते ८५° से. तापमानास आकसते, तर चांगले क्रोम चामडे सु. १००° से. पर्यंत टिकते.

जतनाचे शास्त्र : लंडनमधील अथेनियम क्लबच्या ग्रंथालयातील पुस्तकांच्या चामडी बांधण्या कुजत असल्याचे आढळल्यावर मायकेल फॅराडे यांनी १८४३ मध्ये त्याचा संबंध वायूच्या दिव्यांशी जोडला. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे वनस्पतिजन्य चामड्यात आम्ल साठून त्याची तांबूस भुकटी होते, हे पुढे स्पष्ट झाले. ब्रिटिश म्यूझीयमने लॅनोलीन, मधमाश्यांचे मेण व देवदार तेल यांचे लेपन प्रचारात आणले. परंतु अतिरिक्त तेलाने चामडे काळवंडते, चिकट होते व धूळ धरते असे दिसून आल्याने, जितका कमी उपचार तितका बरा, असे मत आता संग्रहालयांत रूढ झाले आहे.

घरगुती उपचार : प्रथम चामड्याचा प्रकार ओळखणे आवश्यक असते. कापलेल्या कडेचा गाभा तपकिरी असल्यास चामडे बहुधा वनस्पतिजन्य कमावणीचे, तर निळसर करडा असल्यास क्रोम कमावणीचे समजावे. पिशवी रिकामी करून मऊ ब्रशाने शिवणींतील धूळ काढतात. नंतर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने हलक्या हाताने पुसतात. मात्र आतल्या बाजूस लहानशा जागी आधी चाचणी घ्यावी. कपड्यांचा साबण व सोडा अल्कधर्मी असल्याने चामड्यास घातक ठरतात. ज्याची भुकटी होऊ लागली आहे, अशा चामड्यास पाणी मुळीच लावू नये.

पिशवी सावलीत वाळवून तिचा आकार टिकावा म्हणून आत कोरा कागद भरतात. वर्तमानपत्राची शाई अस्तरास लागते. वाळल्यावर रंगहीन मेणाचा अतिशय पातळ हात देऊन कोरड्या फडक्याने घासतात. पितळी कड्यांवरील हिरवट थर हा चामड्यातील वसा व तांबे यांच्या संयोगाने बनतो. तो लाकडी काडीने खरवडावा. उसवलेली शिवण मेण लावलेल्या दोऱ्याने जुन्याच छिद्रांतून घालावी, कारण नवी छिद्रे पाडल्यास जीर्ण चामडे त्या रेषेत फाटते. वऱ्हाडातील कडक उन्हाळ्यात चामडे तडकते, तर पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. यास्तव पिशवी प्लॅस्टिकमध्ये न ठेवता सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी ठेवणे हितावह असते.

सद्यस्थिती : १९७४ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्थापिलेले चर्मोद्योग महामंडळ पुढे संत रोहिदास यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. २०१५ मध्ये राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्याने देशी कारागिरांपुढे कच्च्या मालाचा प्रश्न उभा राहिला. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तिच्याशी साम्य असलेल्या चपला मुळाचा उल्लेख न करता मिलान येथे सादर केल्या. टीकेनंतर कंपनीने त्यांचे भारतीय मूळ मान्य केले. जुनी पिशवी दुरुस्त करण्याचा छंद आज प्रतिष्ठित मानला जातो. तेच काम रस्त्याच्या कडेला बसून उपजीविकेसाठी करणाऱ्यास मात्र तितका मान मिळत नाही. जुन्या चर्मवस्तूंबरोबर त्या टिकविणाऱ्या कारागिरांच्या ज्ञानाची नोंद होणे, हेही जतनाचेच एक अंग होय.