खानदेशातील कष्टकरी स्त्रिया व आमचा इतिहास

आखाजी तोंडावर आली आहे. आपल्याकडे हा सण म्हणजे सासुरवाशिणींचे माहेर आणि झाडाला बांधलेला झोका. परंतु या दिवसाला दुसराही एक हिशेब होता. सालदाराचे जुने साल आखाजीला सुटे व नवे बांधले जाई. साल ठरे ते पुरुषाचे. मालकाच्या गोठ्यातील शेण काढणे, अंगण झाडणे हे त्याच्या बायकोकडे येई, पण त्याचा वेगळा दाम कोणी मोजीत नसे. मजुरीचे हिशेब करता करता आम्ही इतिहासाची पुस्तके वाचू लागलो, तेव्हा तेथेही हीच रीत आढळली.

नंदुरबारच्या शिरीषकुमारचे ९ सप्टेंबर १९४२ चे बलिदान येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते, व असावयासच हवे. त्याच चळवळीत अमळनेरच्या लीलाताई पाटील आघाडीवर होत्या, हे सांगितले की पुष्कळांस नवल वाटते. तरी लीलाताईंचे नाव निदान कागदावर आहे. ज्यांचे तेही नाही त्यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

शहादा तालुका १९९८ पर्यंत आपल्याच धुळे जिल्ह्यात होता. तेथे कर्जापायी भिल्लांच्या जमिनी हातच्या गेल्या आणि पूर्वीचे धनी त्याच मातीत सालदार झाले. १९७१ च्या पाटीलवाडी प्रकरणाने तो भाग हादरला. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्लांतीलच कार्यकर्ते पुढे आले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या जमिनीच्या व मजुरीच्या होत्या. मोर्चात घोषणा देण्यास, गाणी म्हणण्यास, मालकासमोर ठाम उभे राहण्यास बायका पुरुषांहून मागे नव्हत्या, पुष्कळदा पुढेच होत्या.

मग शिबिरांतून त्या बोलू लागल्या. मजुरी वाढली खरी, पण ती संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात जाते आणि घरी येतो तो मार! आमच्यासारखा संघटक हे ऐकून म्हणाला असता, ‘बाई, हा घरचा प्रश्न, आधी मजुरीचे पाहू.’ त्या बायका थांबल्या नाहीत. १९७३ च्या सुमारास त्या घोळक्याने निघाल्या, दारूची मडकी फोडली, मग शेजारच्या गावात गेल्या. बायकोस मारणाऱ्यास चारचौघांत जाब विचारला. मजुरीचा लढा चुलीपर्यंत नेल्याशिवाय पुरा होत नाही, हे त्यांनी आम्हां शिकलेल्या-न शिकलेल्या पुढाऱ्यांच्या आधी ओळखले.

तो काळ दुष्काळाचा होता. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती आणि त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. आमची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती. आम्ही तेव्हा झोळीत होतो, त्यामुळे हे सारे ऐकीव. खडीची कपची डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती मान तिरपी धरून घाव घाली. ती सवय तिला पुढे कांदा चिरतानाही राहिली होती.

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. तिचा पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यात झाला. पण विचार एकाचा असला तरी तो तडीस जाण्यास त्या खडीवरच्या गर्दीचे बळ लागले, असे आमचे मत आहे. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मोजमापाप्रमाणे स्त्री-पुरुषांस एकच दर व कामावर मुलांसाठी पाळणाघर, अशी तजवीज झाली. पाळणाघर पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिले, ही गोष्ट वेगळी. २००५ साली याच धर्तीवर साऱ्या देशासाठी कायदा झाला. दिल्लीत कायदे होतात, त्यांतील एकाचा पाया अशा बायकांनी फोडलेल्या खडीचा आहे.

गेल्या वर्षी आमच्या संघटनेची कार्यकारिणी निवडली. अकरा जण, अकराही पुरुष. सभेत निम्म्याहून अधिक बायका बसल्या होत्या. मागून एक म्हातारी उठली व म्हणाली, ‘दादा, वर्गणी आमनी नि खुर्च्या तुमन्या का?’ लोक हसले. आम्हीही हसलो आणि पुढचा विषय घेतला. त्या हसण्याची आज लाज वाटते. आखाजीनंतर पुन्हा निवड आहे. त्या आजीबाईंस निरोप धाडला आहे, त्या येतो म्हणाल्या आहेत.