पंतोजींच्या शाळेतला पहिला आठवडा

‘पहिलीचा वर्ग’ आणि ‘शाळेचा आठवडा’ या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात सरकारी शाळांनी रुजवल्या. त्याआधी गावात मुलांना शिकवणाऱ्या पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. धुळपाटीवर ‘अ’ गिरवणारा पोर आणि मोडीत पत्र लिहिणारा मुलगा एकाच ओसरीवर बसत, धाकट्याला बरेचदा थोरलाच शिकवी. सुट्टी पडे ती अमावास्या-पौर्णिमेला. वार कोणता, याला महत्त्व नसे. आठवड्याचे बाजार जुनेच होते, तेव्हा लोकांना वार ठाऊक नव्हते असे नव्हे. पण बाजार वाराने भरे आणि शाळा तिथीने चाले. मुलाची प्रगती मोजली जाई ती पाढ्यांवर: उजळणी झाली की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे अपूर्णांकांचे पाढे. 1855 साली मुंबई इलाख्यात शिक्षण खाते आले, पाठोपाठ क्रमिक पुस्तके, तपासनीस आणि रविवारची सुट्टी रुळली.

जुनी पद्धत म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, हा आक्षेप खराच आहे; छडीही होतीच. तरी पावकी-दिडकी घोकणारा मुलगा उद्या दुकानाचा हिशेब तोंडी करी, म्हणजे घोकण्याला बाजारात मोल होते. खरा दोष वेगळा: मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले त्या ओसरीवर जवळजवळ नव्हतीच, आणि पुढे वेळापत्रक बदलल्यानेही ती आपोआप आली नाहीत; मुलींसाठी तर खाते येण्याआधीच, 1848 साली, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंना स्वतंत्र शाळा काढावी लागली होती.