सात की नऊ?

अंबरनाथच्या शिवमंदिराची गोष्ट इथे कुणालाही विचारा, ती पांडवांपासून सुरू होते. वनवासात त्यांनी एका रात्रीत हे देऊळ बांधायला घेतलं, शिखर पुरं व्हायच्या आत उजाडलं, आणि काम तसंच टाकून ते निघून गेले. पुरावा हवाय? वर बघा. मंडपातून वीसएक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलात की पिंडीवर छत नाही, थेट आभाळ. अर्धवट कामाचं इतकं देखणं कारण मला स्प्रिंटच्या मीटिंगमध्ये कधीच सुचलेलं नाही.

दुसरी गोष्ट उत्तरेकडच्या दारावर, आतल्या बाजूला कोरलेली आहे. ठाण्याच्या शिलाहारांपैकी मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी राजाच्या काळातला हा संस्कृत लेख. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला, म्हणजे इ.स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच आकडा ९८२ असा वाचला, म्हणजे १०६०. पहिला आकडा सात की नऊ, वाद एवढाच. पण देऊळ एकदम दोनशे वर्षांनी तरुण झालं! आणि भगवानलाल तर भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले.

यातलं खरं कोणतं, हे घरबसल्या पडताळता येतं. मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज. त्याचा ताम्रपट भांडुपला सापडला, शक ९४८ चा, म्हणजे १०२६ चा. थोरला १०२६ मध्ये दान देतोय, तर धाकटा ८६० मध्ये राज्य कसा करेल? नऊच. देवळाचं काम बहुधा छित्तराजानेच सुरू केलं आणि मुम्मुणीने पुरं केलं, असं अभ्यासक मानतात.

बांधणी भूमिज शैलीची: शिखरावर उभे पट्टे आणि त्यांच्यामध्ये रांगेने रचलेली चिमुकली शिखरं. ही तऱ्हा माळव्यातली. तिथल्या परमार भोजाने १०२० मध्ये कोकण जिंकल्याच्या निमित्ताने दानं दिली होती. कारागीर त्याच वाटेने आले असा कागद कुणाकडे नाही, पण माझा संशय तिकडेच जातो.

शेजारून वालधुनी वाहते. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचं काय झालंय ते आधी नाकालाच कळतं. आणि भिंतींवरच्या कितीतरी मूर्तींचे चेहरे आता इतके झिजलेत, की देव कोणता हे हातातल्या आयुधावरून ओळखावं लागतं.